वाचकांचे प्रश्न : विंचवाची लस, आईची ॲस्पिरिन आणि पबमेडमधला शोध

(मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य गेलेल्या आमच्या ताई या सदरात वैद्यकीय माहिती कशी शोधायची, कशी पारखायची याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : नमस्कार ताई. मी कोकणात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. पावसाच्या तोंडावर आणि भातकापणीच्या दिवसांत आमच्याकडे विंचू चावलेले पेशंट येतात, कधी कधी एका रात्रीत दोन-दोन. आमचे एक सीनियर म्हणतात प्राझोसिनची गोळी पुरे आहे, लस (म्हणजे विंचवाच्या विषावरचा उतारा) द्यायची गरज नाही. दुसरे म्हणतात लस पण द्यायचीच. मी ड्युटीनंतर बसून शोधलं तर तीन अभ्यास सापडले. एकात लस एकदम गुणकारी, एकात काहीच उपयोग नाही, एकात गोळी आणि लस मिळून चांगलं. आता मी कोणाचं ऐकू? शोधायची माझीच पद्धत चुकतेय का?

उत्तर : डॉक्टर, रात्रभर जागून सकाळी झोपायचं सोडून तुम्ही शोधत बसलात याचं मला फार कौतुक वाटलं, आधी ते सांगते. तुम्हाला जे तीन अभ्यास सापडले असणार ते माझ्या अंदाजाने मला माहीत आहेत, आणि गंमत म्हणजे तिन्ही बरोबर आहेत. तिघांनी तीन वेगळे प्रश्न विचारलेत एवढंच.

पहिला असणार अमेरिकेतला, २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. अॅरिझोनातली मुलं, फक्त १५. आठ जणांना लस, सात जणांना नुसतं पाणी म्हणा. लस दिलेली सगळी मुलं चार तासांत शांत झाली, दुसऱ्या गटात एकच. वाचून कोणालाही वाटेल की संपला विषय. पण तिथला विंचू सेंट्रुरॉइडिस जातीचा, त्याचं विष नसांवर जातं, मुलांचे डोळे गरगर फिरतात, हातपाय झटके देतात. आपल्या लाल विंचवाचा पेशंट असा दिसतच नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. घामाने भिजलेला, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, आणि बिघडला की फुप्फुसात पाणी. म्हणजे रोगाचं नाव एकच पण आजार वेगळा.

दुसरा ट्युनिशियातला, १९९९ चा, लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला. ८२५ पेशंट, संख्या भरपूर, सगळं नीट रँडमाइज्ड, म्हणजे कोणाला लस मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, आणि निष्कर्ष असा की लस सरसकट देऊन फायदा नाही. आता यात बघा काय केलं होतं, दहा वर्षांच्या वरचा जो कोणी विंचू चावला म्हणून आला त्याला घेतलं, म्हणजे ज्यांना नुसती बोटात आग होतेय ते सुद्धा आले. त्यांचा प्रश्न होता 'येईल त्याला लस द्यावी का', आणि त्याचं उत्तर 'नाही' असं मिळालं. शिवाय विंचू उत्तर आफ्रिकेतले आणि लसही तिकडची.

तिसरा तुमच्या घराजवळचा, महाडचा. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा, बीएमजेमध्ये, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, २०११ साली आलेला. ७० पेशंट, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस, निम्म्यांना फक्त प्राझोसिन. दहा तासांनी बघितलं तर पहिल्या गटात ३५ पैकी ३२ पूर्ण बरे, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. फरक केवढा आहे बघा. तुमचा विंचू, तुमचा जिल्हा किंवा शेजारचा, तुमच्यासारखंच हॉस्पिटल. पुढे २०१४ मध्ये पुद्दुचेरीच्या जिपमर मेडिकल कॉलेजमधून ५० मुलांवरचा असाच अभ्यास आला, त्यातही गोळी आणि लस मिळून दिलेली मुलं लवकर बरी झाली. एकाच माणसाच्या एकाच हॉस्पिटलचा निकाल दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्यांनी तपासला की माझा विश्वास एकदम वाढतो.

पण इथे थांबू नका, बीएमजेच्या त्या पेपरात पेशंट कसे निवडले ती एक ओळ वाचा. घाम, उलट्या, गार हातपाय असे म्हणजे ग्रेड दोनचे पेशंट घेतले होते, आणि ज्यांच्या हृदय-फुप्फुसात किंवा मेंदूत बिघाड सुरू झाला होता त्यांना घेतलंच नव्हतं. तेव्हा तोंडाला गुलाबी फेस येत असलेला पेशंट तुमच्यासमोर असेल तर हा पेपर त्याच्याबद्दल काही बोलत नाही, त्याला फुप्फुसातल्या पाण्याची ट्रीटमेंट आणि वरचं हॉस्पिटल लागतं, तिथे या आकड्यांचा आधार घेऊ नका. आणि अभ्यास ओपन लेबल होता, म्हणजे कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, 'बरा झाला' हे ठरवताना त्याचा थोडा परिणाम होऊ शकतो. पण ३२ आणि ८ एवढा फरक नुसत्या त्याने पडेल असं मला वाटत नाही.

तुमचे पहिले सीनियर पण हवेत बोलत नाहीयेत हे सांगायला हवं. प्राझोसिन यायच्या आधी कोकणात लाल विंचवाने माणसं, विशेषतः लहान मुलं, भराभर जायची. विष शरीरात गेलं की ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, आणि प्राझोसिन नेमकं तिथेच काम करतं, आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. बावस्करांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये त्याबद्दल लिहिलं. ती रँडमाइज्ड ट्रायल नव्हती, आपल्या पेशंटचा अनुभव होता, पण आधी जी माणसं डोळ्यांदेखत जायची ती वाचायला लागली तेव्हा खाटेशेजारी उभं राहून जे दिसतं तोही पुरावाच असतो. काही लोक रँडमाइज्ड नाही म्हणून असले पेपर बाजूला टाकतात, मला ते पटत नाही. फायदा बारीक असेल तर ट्रायल हवीच, फायदा एवढा मोठा असेल तर साध्या नोंदींनाही वजन असतं. म्हणून सीनियरांशी वाद घालू नका, त्यांना बीएमजेचा पेपर दाखवा, प्राझोसिन तर द्यायचंच आहे, प्रश्न फक्त त्याच्या जोडीला लस कोणाला द्यायची एवढाच उरतो.

आता शोधायच्या पद्धतीबद्दल. माझ्या काउंटरला रेसिडेंट मुलं चिठ्ठी घेऊन यायची, चिठ्ठीवर एकच शब्द, 'स्कॉर्पियन'. मी कीबोर्डला हात लावायच्या आधी चार गोष्टी विचारायचे. पेशंट कोण? त्याला काय देणार? कशाच्या ऐवजी किंवा कशाशी तुलना करून? आणि काय बदललेलं बघायचंय, जीव वाचणं की लवकर बरं होणं? डॉक्टर लोक याला पिको म्हणतात, नव्वदच्या दशकापासून हा शब्द चालू आहे. मुलं आधी वैतागायची, मॅडम लवकर द्या ना राउंड आहे म्हणायची, पण चौथ्या प्रश्नाला येईपर्यंत त्यांचं त्यांनाच कळायचं की आपल्याला नक्की काय हवंय. तुमच्या बाबतीत लिहून बघा : लाल विंचू चावलेला ग्रेड दोनचा पेशंट, प्राझोसिन अधिक लस, नुसत्या प्राझोसिनच्या तुलनेत, किती तासांत बरा. एवढं कागदावर आलं की अॅरिझोना आणि ट्युनिशिया आपोआप बाजूला होतात.

दुसरी गोष्ट शब्दांची, आणि इथे मी स्वतः एकदा सपशेल चुकलेय. एका पीजीच्या मुलाला मी लाल विंचवावरची यादी काढून दिली, मेसोबुथस टॅम्युलस हे शास्त्रीय नाव अवतरणचिन्हात टाकून. त्याच्या गाइडने यादी बघितली आणि विचारलं की बावस्करांचे ऐंशीच्या दशकातले लॅन्सेटचे पेपर कुठे आहेत? नव्हतेच. का नव्हते, तर त्या काळातल्या छोट्या पेपरांचा आणि पत्रांचा सारांश पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये, बहुतेक वेळा नसतो, फक्त शीर्षक असतं, आणि त्यांच्या १९८२ च्या पेपराच्या शीर्षकात शास्त्रीय नाव नाही, सरळ 'रेड स्कॉर्पियन स्टिंग' असं आहे. त्यात या विंचवाचं नाव बदलत गेलंय, आधी बुथस, मग मेसोबुथस, आता हॉटेंटोटा. लसीचंही तसंच, कोणी अँटिव्हेनम लिहितं, कोणी अँटिव्हेनिन, आणि तुमच्या त्या ट्युनिशियाच्या पेपराच्या शीर्षकात तर दोन्ही नाहीत, 'सेरोथेरपी' आहे. त्या मुलाचा थिसिस माझ्यामुळे अर्धवट राहिला असता, मला दोन दिवस झोप नव्हती. तेव्हापासून मी शोधायच्या आधी एका कागदावर प्रत्येक गोष्टीची सगळी नावं लिहून काढते, आणि त्यांच्यामध्ये 'ऑर' घालून एकत्र करते, मग वेगवेगळे गठ्ठे 'अँड'ने जोडते.

याच कारणासाठी मेश आहे. प्रत्येक लेख कशाबद्दल आहे ते ठरवून त्याला ठरलेल्या विषयांची लेबलं लावलेली असतात, लेखकाने अँटिव्हेनम लिहो नाहीतर सेरोथेरपी, लेबल एकच. तुम्ही पबमेडच्या चौकटीत साधे शब्द टाकले की ते स्वतःच जुळणारी लेबलं शोधून जोडतं. पण तोच शब्द अवतरणचिन्हात टाकलात की ही मदत बंद होते, फक्त तेवढेच शब्द जसेच्या तसे शोधले जातात. माझी चूक नेमकी ती होती. तर सुरुवातीला चिन्हं नकोत, साधं इंग्रजीत टाइप करा, मग 'क्लिनिकल क्वेरीज' नावाचं पान आहे तिथे तेच शब्द टाकून 'थेरपी' निवडा, फापटपसारा बराच गळतो. आणि फुकट खातं उघडून हा शोध सेव्ह करून ठेवा, नवीन पेपर आला की ईमेल येतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात परत पहिल्यापासून नको.

प्रश्न : ताई, माझे वडील हार्ट अॅटॅकने गेले. आईचं वय ७२, तिला हार्टचा काही त्रास नाही, थोडं बीपी आहे. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून ती चार वर्षं रोज रात्री ॲस्पिरिन घेतेय. परवा फॅमिली ग्रुपवर आलं की ॲस्पिरिनने रक्तस्राव ३८ टक्क्यांनी वाढतो, अमेरिकेत सिद्ध झालंय. मी घाबरून गोळी लपवून ठेवलीय. बरोबर केलं ना?

उत्तर : आधी एक सांगा, म्हणजे स्वतःलाच विचारा, आईला कधी अॅटॅक, स्टेंट, बायपास, पॅरालिसिस यातलं काही झालंय का? झालं असेल तर गोळी आजच्या आज परत द्या आणि डॉक्टरांना फोन करा, कारण ज्यांना एकदा झालंय त्यांच्यासाठी ॲस्पिरिनचा हिशोब पूर्ण वेगळा आहे, आणि स्टेंटवाल्याने मनाने बंद करणं धोक्याचं आहे. तुम्ही लिहिलंय काही नाही, पण मी तरी आधी हे विचारणार.

तो ३८ चा आकडा खरा आहे. अॅस्प्री नावाचा अभ्यास, २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्येच आला, १९,११४ माणसं, बहुतेक ऑस्ट्रेलियातली, बाकी अमेरिकेतली, बहुतेक सगळी सत्तरीच्या पुढची, हृदयविकार नसलेली, म्हणजे जवळजवळ तुमच्या आईसारखीच. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, पावणेपाच वर्षांच्या आसपास. हार्टचे त्रास दोन्ही गटांत जवळपास सारखे. मोठा रक्तस्राव मात्र हजार माणसांत वर्षाला ६.२ च्या ऐवजी ८.६. ३८ टक्के वाढ ती हीच. आता हेच 'हजारात वर्षाला जेमतेम अडीच जण जास्त' असं वाचा, तुमची भीती आणि तुमचा निर्णय दोन्ही जागेवर येतील. गोळी विष नाहीये, चार वर्षं घेतली म्हणून काही भयंकर झालं असं समजू नका, पण फायदा दिसत नसताना हजारात अडीच जणांना पोटात नाहीतर मेंदूत रक्तस्राव व्हावा हे पण बरोबर नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक तज्ज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये साठीच्या पुढच्यांनी पहिला अॅटॅक टाळायला म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये असंच सांगितलं.

एक बारीक गोष्ट मात्र आहे. अभ्यासाने मुख्यतः 'सुरू करावी का' हे विचारलं, तुमचा प्रश्न 'चालू आहे ती बंद करावी का' असा आहे. ते दोन्ही एक नाहीत. म्हणून लपवू नका हो, आईला न सांगता तिचं औषध काढून घेणं मला बरं नाही वाटत, ती चार वर्षं वडिलांच्या आठवणीने ती गोळी घेत असणार. तिला शेजारी बसवून सांगा आणि बीपी दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा की आईला पहिल्यापासून हार्टचं काही नाहीये, सत्तरीच्या पुढे वय आहे, तर ही चालू ठेवायची का. बीपीचं औषध नियमित घेतेय ना तेही बघा, तिच्यासाठी त्याचा फायदा जास्त आहे.

प्रश्न : पबमेडमध्ये आहे म्हणजे सरकारमान्य, खरं, असं आमच्या कोर्सचे सर म्हणतात. हे बरोबर आहे का? (नर्सिंगची विद्यार्थिनी)

उत्तर : नाही गं. पबमेड अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे हे खरं, पण ते कॅटलॉग आहे. आमच्या लायब्ररीत इंडेक्स मेडिकसचे जाडजूड खंड असायचे, १८७९ पासून निघत होते, २००४ ला छापायचे बंद झाले, त्या खंडात बोट फिरवत आम्ही पेपर शोधायचो. पबमेड १९९७ पासून सगळ्यांना फुकट झालं आणि आता त्यात साडेतीन कोटींच्या वर नोंदी आहेत, उत्तम, बरे, वाईट सगळेच. गोवर-गालगुंडच्या लसीने ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर, फक्त १२ मुलांवरचा, २०१० साली मागे घेतला गेला, पण पबमेडमध्ये आजही सापडतो. फक्त वर 'रिट्रॅक्टेड' असं ठळक लिहिलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर कोणी स्क्रीनशॉट पाठवतं तेव्हा नेमकी ती पट्टी कापलेली असते, म्हणून मूळ नोंद स्वतः उघडून बघायची सवय लाव.

आणि एकेक पेपर बघण्याआधी कोणी त्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासलेत का ते बघ. कॉक्रेन त्यासाठीच आहे, १९९३ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालं, आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसी मेडिकल कॉलेजात त्यांचं केंद्र आहे. त्यांचं बोधचिन्ह नीट बघ कधीतरी, गोलात आडव्या रेघा आहेत आणि खाली एक चौकोनी ठिपका. वेळेआधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं तयार होतात, याचे अभ्यास १९७२ पासून होत होते, एकेक रेघ म्हणजे एकेक अभ्यास. बऱ्याच रेघा मधल्या उभ्या रेषेला, म्हणजे 'फरक नाही' या रेषेला, छेदतात म्हणजे एकट्याने काही ठरत नाही, पण सगळे एकत्र केले की ठिपका स्पष्ट एका बाजूला जातो. ते एकत्र करायलाच कित्येक वर्षं गेली आणि तोवर किती बाळं इंजेक्शनाविना राहिली असतील. तू लेबर रूममध्ये पोस्टिंगला जाशील तेव्हा ते इंजेक्शन भरताना तुला हे आठवेल.

प्रश्न : मी चॅटबॉटला विचारलं तर त्याने पाच संदर्भ दिले, जर्नल, वर्ष, पान सगळं. तीन सापडतच नाहीत. मी कुठे चुकतोय?

उत्तर : तुम्ही नाही चुकत, ते संदर्भ बहुधा अस्तित्वातच नाहीत. हे होतं. शीर्षक जसंच्या तसं पबमेडमध्ये टाका, नाही आलं तर त्या जर्नलच्या साइटवर ते वर्ष आणि पान उघडा, तिथे दुसराच लेख निघाला तर विषय संपला. जे दोन सापडले तेही उघडून वाचा, कारण लेख खरा आणि त्यातून काढलेला अर्थ खोटा असंही मी बघितलंय. शब्दांची यादी करायला, हॉटेंटोटासारखं नवीन नाव आठवायला त्याची मदत घ्या, हरकत नाही. पेशंटला डोस देताना त्याच्या शब्दावर देऊ नका.

प्रश्न : पेपर उघडला की ४० डॉलर मागतात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने काय करायचं?

उत्तर : पैसे भरू नका. पबमेडच्या नोंदीत 'फ्री पीएमसी आर्टिकल' असं दिसतं का बघा, असेल तर पूर्ण लेख फुकट. कॉक्रेनचे सारांश आणि साध्या भाषेतला गोषवारा सगळ्यांना खुला असतो. तुम्ही सरकारी मेडिकल कॉलेजमधून शिकला असाल तर तिथल्या लायब्ररीत विचारा, २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो जर्नल्स मिळायला लागलीत. आणि सगळ्यात सोपं म्हणजे लेखकाच्या पत्त्यासोबत बऱ्याचदा त्याचा ईमेल असतो, त्यांना लिहा. दोन ओळी पुरतात : मी अमुक ठिकाणी काम करते, असे पेशंट बघते, तुमचा लेख वाचायचा आहे, पीडीएफ पाठवाल का. माझ्या अनुभवात आठवड्याभरात उत्तर येतं, आणि बऱ्याचदा सोबत 'तुमच्याकडे असे किती पेशंट येतात' असा प्रश्नही येतो. तेव्हा विंचवाच्या पेशंटची वही ठेवणाऱ्या पहिल्या पत्रातल्या डॉक्टरांनी आकडे जवळ ठेवूनच ईमेल लिहावा.